इराणी खेड्यातला गालिचा आणि वऱ्हाडची सतरंजी

घरी पाव्हणे आले म्हणजे घरातले कोणीतरी पोराला हाक मारून सांगते, "अरे, सतरंजी टाक रे ओसरीवर." मग पोरगा ती झटकतो, पसरतो, आणि बैठक जमते. हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो, की तो किती लांबचा प्रवास करून आपल्या ओसरीवर आला आहे, याचा विचार कधी मनात येत नाही. आपल्या जुन्या सैन्याची चार अंगे होती: हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. त्यावरून चौकटींच्या पटावरच्या खेळाला 'चतुरंग' म्हणत. हा खेळ इराणात गेला, तिथे त्याचे 'चत्रंग' झाले. अरबांनी तो उचलला, त्यांच्या जिभेवर 'शत्रंज' झाला. त्या पटासारखी चौकटीचौकटींची जी वस्तू ती 'शतरंजी'. आणि अशा नक्षीचे अंथरूण विकायला आले, तेव्हा आपण त्याला सतरंजी म्हणू लागलो. म्हणजे बघा, शब्द आपलाच, पण इराण-अरबस्तानची वारी करून, नवा पोशाख चढवून परत आलेला.

सतरंजी एकटी आली नाही. गालिचा हा फारसी शब्द. फारसीत 'गाली' म्हणजे मोठे अंथरूण आणि 'गालिचा' म्हणजे लहान. जाजम फारसी, तक्क्या फारसी, पडदा फारसी, किनार फारसी. नक्षी आणि नमुना हेही तिकडचेच, आणि ती नक्षी काढणारा कारागीरसुद्धा. शिवाजी महाराजांच्या काळी राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. कागदोपत्री त्याचा उपयोग झाला असेल. पण बायकामाणसांनी घरात गालिच्याला गालिचाच म्हटले. हातात धरता येणाऱ्या वस्तूचे नाव बदलणे राजालाही सोपे नसते.

यवतमाळहून दारव्ह्याकडे निघाले की वाटेत बोरी अरब लागते. गावाच्या नावातच 'अरब' आहे. वऱ्हाडाला हा शब्द परका नाही. निजामाच्या आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेत अरब शिपाई होते. 1817 साली सीताबर्डीच्या लढाईत ते इंग्रजांशी लढले. पण इराणशी आपला संबंध त्याहून पुष्कळ जुना. बहामनी राज्याचा मोठा वजीर महमूद गावान हा मूळ इराणातल्या गिलान प्रांतातला. तो व्यापारी म्हणून आला आणि कारभारी झाला. त्याने राज्याच्या चार तरफांच्या आठ केल्या, तेव्हा वऱ्हाडचे दोन भाग पडले: एक गाविलगडचा आणि दुसरा माहूरचा. रेणुकेचे माहूर, जिथे आपल्या जिल्ह्यातली माणसे आजही पायी जातात, ते एका इराणी वजिराच्या कारभारात प्रांताचे ठाणे ठरले होते. गावानला 1481 साली सुलतानाच्या हुकुमाने मारले गेले. त्यानंतर नऊ वर्षांनी वऱ्हाडात एलिचपूरची इमादशाही उभी राहिली. त्याच सुमारास, म्हणजे 1469 नंतरच्या दोन-तीन वर्षांत, अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी इराणातून समुद्रमार्गे चौलला उतरून जुन्नर-बिदरपर्यंत फिरला आणि दाभोळहून परत गेला. चौल आणि दाभोळ ही आपली बंदरे. तिथे इराणी आखाताकडून घोडे उतरत. घोड्यांबरोबर माणसे येत, आणि माणसांबरोबर त्यांच्या बसण्या-उठण्याच्या रीती.

इराणी गालिचा म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे शाही गालिचा येतो. लंडनच्या संग्रहालयात अर्दबीलचा प्रसिद्ध गालिचा आहे. हिजरी 946 साली, म्हणजे इसवी सन 1539-40 च्या सुमारास, तो पुरा झाला. साडेदहा मीटर लांब, सव्वापाच मीटर रुंद, आणि त्यात अडीच कोटींवर गाठी. त्यावर मकसूद काशानी असे नावही विणलेले आहे. तो गालिचा थोर, यात वाद नाही. पण मला सांगायचे आहे ते त्याच काळापासून आणि त्याच्याही आधीपासून इराणच्या खेड्यापाड्यांत बायकांनी जे विणले, त्याविषयी. त्यावर कोणाचे नाव नाही, साल क्वचितच आहे. राजवाड्यातले काम राजाच्या पैशावर चालते, राजा गेला की बंद पडते. खेड्यातले काम शेकडो वर्षे टिकले. ते कशाच्या बळावर टिकले आणि शेवटी त्याला धक्का कशाने बसला, हे आपल्या वऱ्हाडाने समजून घेण्यासारखे आहे, कारण तोच धक्का आपल्यालाही बसला.

गाठीच्या गालिच्याची कला किती जुनी? 1949 साली रशियातल्या अल्ताई डोंगरात, पाझिरिक नावाच्या ठिकाणी, बर्फात गोठलेल्या एका थडग्यात एक गालिचा सापडला. सुमारे दोन मीटर लांब, आणि इसवी सनापूर्वी चारशे-पाचशे वर्षांचा. त्यावर घोडेस्वार आहेत, हरणे आहेत, आणि मधोमध चौकटीच चौकटी. गाठी इतक्या बारीक आहेत, की ज्यांनी तो केला त्यांच्या आधी पिढ्यान् पिढ्या हे काम चालत आले असले पाहिजे.

आता सतरंजी आणि गालिचा यांत फरक काय, तो आधी बघू. सतरंजीत उभे धागे ताणलेले असतात, तो ताणा. आडवा धागा त्यांतून खालीवर घालतात, तो बाणा, आणि पंजाने ठोकून घट्ट बसवतात. रंग असतो तो बाण्याचा. दोन्ही बाजू सारख्या. एक मळली की दुसरी वर करा. इराणातही असे सपाट अंथरूण असते, त्याला गिलीम म्हणतात. गालिच्याची गोष्ट निराळी. त्यात ताण्याच्या दोन-दोन धाग्यांना रंगीत लोकरीची एकेक गाठ मारतात आणि टोके कापून टाकतात. एक ओळ गाठींची झाली की बाण्याचे एक-दोन धागे घालायचे, पंजाने ठोकायचे, पुन्हा दुसरी ओळ. कापलेल्या टोकांची जी लव उभी राहते, तिच्यावर आपण बसतो. गाठीचे दोन प्रकार आहेत, तुर्की आणि इराणी. इराणी गाठीला व्यापारी 'सेन्नेची गाठ' म्हणतात. सेन्ने म्हणजे आजचे सनंदज. आणि गंमत अशी, की खुद्द सनंदजमधल्या बायका तुर्की गाठ मारतात! नावे देणारे व्यापारी मागाजवळ बसलेले नसतात, त्याचा हा परिणाम.

शिक्षक बंधूंनी वर्गात घालावे असे एक गणित सांगतो. खेड्यातला मध्यम प्रतीचा गालिचा घ्या, चार फूट रुंद, सहा फूट लांब. एका चौरस इंचात ऐंशी गाठी धरा. चोवीस चौरस फूट म्हणजे 3,456 चौरस इंच. त्याला ऐंशीने गुणले की 2,76,480 गाठी होतात. सराईत बाईने दिवसाला सहा हजार गाठी मारल्या, तर सेहेचाळीस दिवस. पण शेतकऱ्याच्या घरातली बाई दिवसभर मागावर कुठली बसणार? दूध काढायचे, भाकरी भाजायची, पोर सांभाळायचे, आणि सुगीत शेतावर जायचे. म्हणून एका गालिच्याला हिवाळा पुरत नसे. त्या आधी लोकर कातरणे, धुणे, पिंजणे, कातणे, रंगवणे आलेच. ते गणितात धरलेले नाही.

हमदानच्या भोवतालच्या खेड्यांत गावोगाव गालिचे होत, आणि जाणता व्यापारी गालिच्याची मागची बाजू बघून गाव ओळखी. तिथे गाठींच्या दोन ओळींमध्ये बाण्याचा एकच धागा घालण्याची रीत आहे. त्यामुळे मागून पांढरे ठिपके एकाआड एक दिसतात. आपल्याकडे जाणती बाई लुगड्याचा पोत बोटांनी चाचपून ते कुठले आहे सांगते, त्यातलाच प्रकार.

पण खरा भेद गावागावांत नाही, शहर आणि खेडे यांत आहे. काशान, इस्फहान, किरमान या शहरांत कारखाने होते. तिथे नक्षी काढणारा चित्रकार निराळा. तो कागदावर बारीक चौकडी आखून एकेक गाठ रंगवून दाखवी. मागावर पाच-सात विणकर बसत आणि एकजण कागद बघून मोठ्याने, जवळजवळ गाऊनच, सांगे: इतक्या गाठी लाल, मग इतक्या निळ्या. बसलेले विणकर त्याच्या सुरावर हात चालवीत. खेड्यात कागद नव्हता, चित्रकार नव्हता, गाऊन सांगणाराही नव्हता. नक्षी आईच्या हातातून मुलीच्या हातात येई. मुलगी सहा-सात वर्षांची झाली की आईशेजारी बसे, आधी साध्या जमिनीच्या गाठी मारी, मग किनार, मग फूल. फार तर घरात एक लहान तुकडा जपून ठेवलेला असे. त्याला 'वागिरे' म्हणतात. त्यावर किनारीचा एक भाग, अर्धे फूल, एका कोपऱ्याचा नमुना, असे सगळे जवळजवळ विणून ठेवलेले असे. विसरले तर त्यात बघायचे. आपल्याकडे भरतकामाचा नमुन्याचा कपडा घरात असतो ना, तसाच.

हा फरक ओळखायची एक सोपी युक्ती आहे. गालिच्याच्या किनारीचा कोपरा बघा. शहरी गालिच्यात किनारीची वेल कोपऱ्यावर सुबक वळते, कारण कागदावर आधीच हिशोब झालेला असतो. खेड्यातल्या गालिच्यात वेल सरळ येते आणि कोपऱ्यात एकदम कापली जाते. तिथून दुसरी वेल सुरू होते. कधी वरच्या टोकाची फुले खालच्यापेक्षा चपटी झालेली असतात, कारण ताणा संपत आलेला दिसला आणि बाईने फूल दाबून बसवले. शहरी माणूस याला चूक म्हणतो. काही दुकानदार त्यावर एक गोड कहाणी सांगतात, की परिपूर्ण फक्त परमेश्वर, म्हणून विणणारी मुद्दाम एक चूक ठेवते. कहाणी छान आहे. पण ज्याने कोणी एकदा तरी मागावर बसून पाहिले आहे, त्याला ठाऊक आहे की चूक मुद्दाम करावी लागत नाही.

आता नक्षीतल्या आकृत्या. एक फार पसरलेला नमुना आहे, त्याला हेराती म्हणतात. मधे एक फूल, त्याभोवती शंकरपाळीसारखी चौकट, आणि चौकटीबाहेर चार वाकडी पाने. ही पाने माशांसारखी दिसतात म्हणून इराणी बायका त्याला 'माही' म्हणतात. माही म्हणजे मासा. मधले फूल म्हणजे पाण्याचे कुंड आणि भोवती मासे, असे त्या सांगतात. कोरड्या मुलखातली माणसे आहेत ती. जमिनीखालून कालवे खोदून मैलोन् मैल पाणी आणणारी. त्यांच्या बैठकीवर पाणी आणि मासे उमटले, यात नवल नाही.

बख्तियारी लोकांच्या चहार महाल भागात दुसरा नमुना आहे, 'खिश्ती'. खिश्त म्हणजे वीट. सबंध गालिचा विटांसारख्या चौकोनांत वाटलेला असतो. एका चौकोनात सरूचे झाड, दुसऱ्यात फुलांची कुंडी, तिसऱ्यात द्राक्षाची वेल. वरून बघितले तर ही भाजीची वाडीच वाटते. वाफे पाडलेले, मधून पाट गेलेला, एका वाफ्यात एक आणि दुसऱ्यात दुसरे. ज्याने मळ्यात दारे धरले आहे, त्याला हा गालिचा वाचायला पंडित नको.

मोठ्या गालिच्यांत मधोमध एक मोठे पदक असते. त्याला 'तुरंज' म्हणतात, म्हणजे महाळुंग. शहरात ते गोल, नाजूक असते. तेच हेरीझच्या बाजूच्या खेड्यांत गेले की बायकांनी त्याला कोनाकोनांचे, ताठ केले. शहरी नमुना समोर ठेवूनही त्यांच्या हातून वळण सरळ रेषांत उतरे. त्यात एक रांगडा डौल आहे, आणि मला विचाराल तर शहरी नाजूकपणापेक्षा तो मला अधिक आवडतो.

आणि आता आपल्या घरातली ओळखीची आकृती. अराकजवळच्या सराबंद भागातल्या खेड्यांत सबंध गालिच्यावर ओळीने एकच लहान आकृती विणतात. खाली फुगीर, वर निमुळती, आणि टोक एका बाजूला वाकलेले. इराणी तिला 'बुत्ते' म्हणतात, म्हणजे झुडूप, फुलाचा झुपका. आपला बुट्टा तोच. एका ओळीतली टोके डावीकडे, दुसऱ्या ओळीतली उजवीकडे. कोणी म्हणतात हे वाऱ्याने वाकलेले सरूचे झाड, कोणी म्हणतात ज्योत, कोणी बदाम. विद्वानांचा वाद चालू आहे. आपल्या बायकांनी तो केव्हाच मिटवला आहे: ती कोयरी. आंब्याची कोवळी कैरी. पैठणीच्या पदरावर कोयरी, रांगोळीत कोयरी, आणि हळदीकुंकवाच्या करंड्यालाही कोयरीचाच आकार, म्हणून त्याचे नावच कोयरी. काश्मीरच्या शालींवरून ही आकृती विलायतेत गेली. स्कॉटलंडमधल्या पेस्ली नावाच्या गावी तिच्या नकला मागांवर निघू लागल्या, आणि जग तिला त्या गावाच्या नावाने ओळखू लागले. इराणात झुडूप, वऱ्हाडात कैरी, स्कॉटलंडात गावाचे नाव. ज्याला जे जवळचे, ते त्याने पाहिले.

नक्षी ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी रंगाची. जुन्या खेडूत गालिच्याचा लाल रंग बघितला की डोळा निवतो. तो 'रूनास' नावाच्या झुडपाच्या मुळांतून काढीत. आपली मंजिष्ठा त्याच कुळातली. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात उकळायची, मग मुळांच्या पाण्यात. मुळे किती जुनी, पाणी कसले, किती वेळ ठेवले, यावर विटकरीपासून गुलाबीपर्यंत छटा येत. पिवळ्यासाठी डाळिंबाची साल किंवा द्राक्षाची पाने. निळ्यासाठी नीळ, आणि ती पुष्कळशी हिंदुस्थानातून जाई. अहमदाबादजवळच्या सरखेजची नीळ गलबतांतून इराणी आखातात उतरत असे. काळ्या-तपकिरी रंगाला माजूफळ आणि लोखंडाचा क्षार, आपण हिराकस म्हणतो तो. हा रंग लोकर खातो. म्हणून जुन्या गालिच्यावर हात फिरवला तर काळ्या रेषा खोल गेलेल्या लागतात आणि लाल-निळी फुले कोरल्यासारखी वर राहिलेली. कोणी तसे कोरलेले नसते. शंभर वर्षांत काळी लोकर झिजून जाते, इतकेच.

घरी लोकर रंगवायची ती एका वेळी एक हंडाभर. अर्ध्या गालिच्यात लोकर संपली की दुसरा हंडा चढवायचा. त्याचा लाल पहिल्यासारखा थोडाच येणार? म्हणून जुन्या गालिच्याच्या जमिनीत रंगाचे पट्टे दिसतात. त्याला इराणी 'अब्रश' म्हणतात. एके काळी ग्राहक यावर नाक मुरडीत. आता शहरातले कारखाने यंत्राच्या गालिच्यात मुद्दाम असे पट्टे घालतात, म्हणजे तो जुना दिसावा!

हा लाल रंग ऐकून वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या माणसांना दुसरे एक नाव आठवायला हवे: आल. देशावर त्या झाडाला बारतोंडी म्हणतात. मध्य प्रांत-वऱ्हाडात आलाची लागवड होई. झाड तीन-चार वर्षांचे झाले की मुळे खणून काढीत. बारीक मुळांत रंग अधिक, म्हणून त्यांना भाव अधिक. रंगारी ती कुटून, तुरटीने मारलेल्या कापडावर तिचा लाल चढवीत. जाडाभरडा लाल खारवा, बायकांची लुगडी, पागोटी, सारे या रंगावर चाले. इराणच्या खेड्यात रूनास आणि आपल्या खेड्यात आल. मुळे खणायची, तुरटी लावायची, हंडा चढवायचा. दोन्हीकडे एकच धंदा म्हणा ना.

मग धक्का बसला. 1856 साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने डांबरापासून जांभळा रंग काढला. 1868 साली जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान या दोघांनी रूनासच्या मुळातला लाल रंग प्रयोगशाळेत तयार केला. थोड्याच वर्षांत तो पिंपांनी विकला जाऊ लागला. जे मिळवायला तीन वर्षे झाड वाढवावे लागे, ते आता पुडीत मिळू लागले. इराणात सुरुवातीचे स्वस्त रंग तर फारच खोटे निघाले. पाणी लागले की पसरत, ऊन लागले की उडत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इराणच्या सरकारने अशा रंगांच्या आयातीवर बंदी घातली. पण सीमेवरचा शिपाई किती पुड्या तपासणार?

त्याच काळात व्यापारही बदलला. मँचेस्टरच्या झिगलर कंपनीने 1880 नंतर सुलतानाबादला, म्हणजे आजच्या अराकला, आपले ठाणे टाकले. कंपनी रंगवलेली लोकर द्यायची, कागदावरचा नमुना द्यायची, आणि भोवतालच्या खेड्यांत बायकांकडून घरी गालिचे विणून घ्यायची. रंग फिके हवेत, फुले मोठी हवीत, माप विलायती दिवाणखान्याचे हवे. बायकांना मजुरी मिळाली, हे खरे, आणि ती त्यांना हवी होती. झिगलरचे गालिचे वाईट होते असेही नाही. आज त्यांना मोठी किंमत येते. पण ज्या हाताला नक्षी पाठ होती, त्या हातापुढे कागद आला. दहा-वीस वर्षे कागद बघून विणले, की पाठ असलेले विसरायला वेळ लागत नाही.

आपल्या देशातही हेच झाले. पेनगंगा आणि गोदावरी ओलांडून गेले की वरंगळ लागते. तिथले गालिचे 1851 साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात मांडले गेले होते. मच्छलीपट्टणच्या गालिच्यांचीही कीर्ती होती. जॉर्ज बर्डवुड नावाचा एक इंग्रज डॉक्टर होता. जन्म 1832 सालचा, आपल्या बेळगावचा. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर त्याने मुंबईचे पहिले संग्रहालय उभारायला हातभार लावला. 1880 साली त्याने हिंदुस्थानच्या कारागिरीवर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात स्पष्ट सांगितले, की मच्छलीपट्टणचे गालिचे इंग्रज गिऱ्हाइकांच्या मागणीनेच बिघडले. तुरुंगांवरही त्याचा राग होता. तेव्हा सरकारने तुरुंगातून कैद्यांकडून गालिचे विणून घ्यायला सुरुवात केली होती. येरवड्याला विणले जात, आग्र्याला विणले जात. आग्र्याच्या तुरुंगातला एक प्रचंड गालिचा व्हिक्टोरिया राणीच्या विंडसरच्या वाड्यात गेला. कैद्याला मजुरी नाही, की घरभाडे नाही. त्याच्याशी बाहेरच्या विणकराने भावात टक्कर द्यावी कशी? आणि कैद्याला नक्षी पाठ कुठून असणार? कालपर्यंत तो नांगर धरीत होता किंवा दरोडे घालीत होता. त्याच्यापुढे कागद ठेवावाच लागे.

आपल्या भागात गाठीचा गालिचा फारसा झाला नाही. आपली वस्तू सतरंजी. कापूस आपला, पंजा आपला, माग आपला. अकोटच्या सतरंज्या वऱ्हाडात नावाजलेल्या. लग्नाच्या मांडवात, कीर्तनाला, पंचांच्या बैठकीला गावची सतरंजी अंथरली जाई, आणि तिच्या कोपऱ्यात देणाऱ्याचे नाव विणलेले असे. निळे आणि लाल पट्टे, त्यात पांढरा. त्यातला लाल आलाचा असे तोवर धुतला तरी राहत असे. पुडीचा रंग आला आणि आल शेतातून निघून गेला. वऱ्हाडचे शेत तोवर विलायतच्या गिरण्यांसाठी कापूस पिकवू लागले होते, म्हणून शेतकऱ्याला ते फारसे जाणवलेही नाही. जाणवले ते रंगाऱ्याला. त्याची विद्या म्हणजे मुळे किती कुटायची आणि पाणी किती तापवायचे, ती कोणी लिहून ठेवली नव्हती.

नक्षी हातात राहिली तर काय होते, याचे एक उदाहरण धारवाड जिल्ह्यात आहे. नवलगुंद गावी मुसलमान बायका उभ्या मागावर सतरंज्या विणतात. तिकडे त्यांना जमखाना म्हणतात. हे लोक मूळचे विजापूरचे, आदिलशाहीतले, असे परंपरा सांगते. मोर, चौपट, फुले, सारे बायकांच्या बोटांत. विद्या घराबाहेर जाऊ नये म्हणून मुलीला न शिकवता सुनेला शिकवायची अशी तिथली जुनी रीत. मुलगी सासरी जाईल, सून घरीच राहील! विद्या राखायची ही युक्ती हुशारीची वाटते, पण ती दुधारी आहे. पोरांनी दुसरा धंदा धरला आणि सुना मागावर बसेनात, की सगळे तिथेच थांबते. नवलगुंदला विणणाऱ्या बायका आता थोड्याच उरल्या आहेत.

उलट एक गोष्ट तुर्कस्तानची. हाराल्ड ब्योमर नावाचे एक जर्मन रसायनशिक्षक तिथे शिकवीत. त्यांनी जुन्या गालिच्यांतले धागे तपासून कोणता रंग कोणत्या झाडाचा हे शोधून काढले, आणि 1981 साली आयवाजिक भागातल्या खेड्यांत तो पुन्हा करायला शिकवला. बायकांच्या सहकारी संस्था निघाल्या. ब्योमरांनी रंग शिकवला, पण नक्षी शिकवली नाही. तशी गरजच पडली नाही. रंग शंभर वर्षांत विसरला गेला होता, पण बायकांचे हात चालूच राहिले होते, आणि घराघरांत आजीच्या वेळचे गालिचे होते. इराणातही शिराझच्या बाजूला मुळापानांचे रंग पुन्हा आले. 2010 साली युनेस्कोने फार्स आणि काशान इथल्या गालिचे विणण्याच्या विद्येची मानवजातीच्या वारशात नोंद केली. त्याच वर्षी अमेरिकेने इराणी गालिच्यांना आपला बाजार बंद केला. 2016 साली तो उघडला, 2018 साली पुन्हा बंद झाला. फार्सच्या खेड्यातल्या बाईने ह्या दोन बातम्या एकाच कानाने ऐकल्या असतील.

आपल्या आलाचे झाड मात्र नाहीसे झालेले नाही. रानात, बांधावर बारतोंडी अजून दिसते. पांढरी फुले, हिरवे खडबडीत फळ. मूळ कापले की आतून पिवळे धमक निघते आणि हाताला डाग पडतो. त्याच कुळातल्या झाडाच्या फळांचा रस अलीकडे बाटलीत भरून 'नोनी' या नावाने औषध म्हणून शहरात विकतात, आणि किंमतही चांगली घेतात. मुळे कोणी खणत नाही.